मशीन चालतंय, पण कारखाना चालतोय का?

भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी गाळ्यांची शटरं अर्धी खाली असतात आणि मालक मंडळी आत बसून आठवडाभर साचलेली चलनं लावत असतात. अशाच एका गुरुवारी ओळखीतला एक तरुण वही घेऊन माझ्याकडे आला. डिप्लोमा झालेला, सहा वर्षं नोकरीत सेटर (कामाप्रमाणे मशीन लावून देणारा), मग कर्ज काढून स्वतःचं एक व्हीएमसी, म्हणजे धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन, घेतलेलं. म्हणाला, "काका, दोन्ही शिफ्ट फुल आहेत, एक दिवस मशीन रिकामं नाही. तरी गेल्या महिन्यात हप्ता बाउन्स झाला. पैसे जातात कुठे?"

हाच प्रश्न मी स्वतःला चौथ्या वर्षी विचारला होता. अकरा वर्षं माझं छोटं मशीन शॉप होतं. ते विकल्यापासून मी असल्याच लहान कारखान्यांचे हिशोब बघतो. ज्यांनी नुकताच गाळा घेतलाय किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं मशिनिंगच्या जॉबवर्कची, म्हणजे पार्टीच्या (काम देणाऱ्या कंपनीच्या) मालावर मजुरीने करायच्या कामाची आहेत, कारण मला तेच नीट कळतं. पण प्लास्टिक मोल्डिंग असो, यंत्रमाग असो की बेकरी, आकडे बदलतात, हिशोबाची रीत फारशी बदलत नाही.

धंदा का चालत नाही असं विचारलं की लोक मंदी, चीन, सरकार आणि शेजारचा रेट पाडणारा अशी नावं घेतात. यातलं काहीच खोटं नाही. पण एकाच गल्लीत, एकाच मेकचं मशीन, एकच पार्टी आणि जवळपास तोच रेट असलेली दोन शॉप मी बघितली आहेत. एकाने पाच वर्षांत शेजारचा गाळा घेतला, दुसऱ्याचं मशीन बँकेने उचललं. बाहेरची हवा दोघांना सारखीच होती. म्हणून सुरुवात आतून करू.

पहिली पायरी: तासाचा भाव काढा

आधी महिन्याचा सगळा खर्च एका कागदावर लिहा. त्या तरुणाचे आकडे असे होते. 28 लाखांचं मशीन, त्यावर 22 लाखांचं कर्ज, साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी.

हप्ता 47,300
गाळ्याचं भाडं 20,000
वीज 16,000
दोन ऑपरेटर 40,000
इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं), टूल, कूलंट 14,000
देखभाल 5,000
टेम्पो, हिशोबनीस, फोन, चहा 10,000
स्वतःचा पगार 35,000

बेरीज 1,87,300 रुपये. यातली शेवटची ओळ त्याच्या कागदावर नव्हतीच, ती मी घातली. तो घरखर्चाला लागतील तसे पैसे कारखान्याच्या खात्यातून काढायचा आणि स्वतःचा पगार मात्र शून्य धरायचा. नोकरीत असताना 35,000 मिळवणारा माणूस मालक झाला म्हणून फुकट कसा होईल? घराचं आणि कारखान्याचं खातं एकच असेल तर हा लेख इथेच थांबवा, आधी बँकेत जाऊन वेगळं चालू खातं उघडा. (सीए मंडळी म्हणतील की हप्ता हा खर्च नव्हे, घसारा आणि व्याज धरा. पुस्तकात ते बरोबरच आहे. पण पहिली पाच वर्षं खिशातून जातो तो हप्ता, म्हणून मी तोच धरतो.)

आता तास. आठ तासांच्या दोन शिफ्ट, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 416 तास. 1,87,300 भागिले 416 म्हणजे तासाला 450 रुपये. त्याने पार्टीला 520 चा रेट दिला होता आणि तासाला सत्तर सुटतात अशा समजुतीत होता.

गफलत 416 या आकड्यात आहे. कुठलंही मशीन 416 तास बिलाचं काम करत नाही. माल यायचा असतो, क्वालिटीवाला पहिला नग पास करायला येत नाही, ऑपरेटर गावाला गेलेला असतो, इन्सर्ट संपलेलं असतं, लाइट जाते. त्याच्या वहीतून मोजलं तेव्हा बिलात धरता येतील असे तास निघाले 270, म्हणजे साधारण 65 टक्के. सेटिंगचा (नव्या कामासाठी मशीन लावायचा) वेळ या 270 मध्येच आहे, कारण तो त्या त्या कामाच्या रेटमध्ये बसवायचा असतो. आता भागून बघा, तासाला 694 रुपये पडतात.

520 ने 270 तासांचे झाले 1,40,400. खर्च 1,87,300. तूट 46,900 आणि हप्ता 47,300. त्याला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसला. हप्ता चुकला तो नशिबाने नव्हे. पहिल्या दिवसापासून तो चुकणारच होता, इतके महिने घरच्या पैशांनी आणि मेव्हण्याकडून घेतलेल्या उसन्यावर भरला जात होता इतकंच.

रेट काढताना नवखे लोक आणखी एक चूक करतात. सायकल टाइम (मशीनवर एका नगाला लागणारा वेळ) सहा मिनिटं म्हणून सहा मिनिटांचा भाव देतात. समजा सेटिंगला दोन तास लागतात. 500 नगांची ऑर्डर असेल तर दोन तास 500 नगांवर पसरतात आणि नगाला सव्वासहा मिनिटं पडतात. 50 नगांची असेल तर त्याच नगाला पडतात 8.4 मिनिटं. तासाला 600 धरले तर एकीकडे साडेबासष्ट रुपये, दुसरीकडे 84. पार्टी 500 नगांवर रेट ठरवून घेते आणि मग दर आठवड्याला 50-50 चं शेड्यूल पाठवते. म्हणून कोटेशनवर लॉट साइज लिहायचीच: "हा दर एका वेळी किमान इतक्या नगांसाठी." ही एक ओळ लिहायला कोणी शिकवत नाही, आणि परचेसवाला तर नक्कीच शिकवणार नाही.

दुसरी पायरी: तास कुठे सांडतात ते पंधरा दिवस लिहा

मशीनशेजारी एक वही बांधा. मशीन दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटरने वेळ आणि कारण लिहायचं. कारणाला एकच शब्द पुरतो: माल, टूल, सेटिंग, तपासणी, लाइट, माणूस. सॉफ्टवेअर, सेन्सर वगैरे नंतर बघू. ऑपरेटरला आधीच सांगा की ही वही त्याला पकडायला नाही. नाहीतर तिसऱ्या दिवसापासून सगळी कारणं "लाइट" होतात.

त्या तरुणाच्या वहीत सगळ्यात मोठं कारण "तपासणी" निघालं. पहिला नग पार्टीच्या क्वालिटीला दाखवायला तो स्वतः मोटरसायकलवर चाकणला जायचा आणि तोवर मशीन बंद. त्यावर उपाय साधा होता. एक चांगलं बोअर गेज (भोक मोजायचं साधन) घेतलं, दोन गो-नोगो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारे) बनवून घेतले, आणि पार्टीशी बोलून पहिल्या नगाचा तपासणी अहवाल स्वतःच भरून पाठवायची परवानगी मिळवली. दुसरं कारण इन्सर्ट. दोन जास्तीचे बॉक्स कपाटात ठेवले की तो प्रश्न मिटतो, पण "पैसे अडकतात" म्हणून लोक ठेवत नाहीत आणि हजाराच्या बॉक्ससाठी अख्खी शिफ्ट घालवतात.

65 वरून 80 टक्क्यांवर गेलात तर तास होतात 333 आणि खर्च पडतो तासाला 562. म्हणजे पार्टीकडे एक रुपयाही न मागता तासामागे 130 रुपये सुटले. आता 520 चा रेट 570 करून मागणं सोपं आहे. 520 चा एकदम 700 मागितला असता तर पार्टीने वेंडर बदलला असता.

विजेबद्दल एक गोष्ट. बिलाची फक्त शेवटची रक्कम वाचू नका. मोठ्या जोडणीवर पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामी येते त्याचं माप) घसरला की भुर्दंड बसतो, आणि बरेचदा कारण एखादा निकामी झालेला कपॅसिटर असतो. मंजूर मागणी (वीज कंपनीकडून राखून घेतलेला भार) गरजेपेक्षा जास्त घेतली असेल तर मागणी आकार फुकट जातो. दिवसातल्या वेळेनुसारही दर बदलतो. वर्षातून एकदा ओळखीच्या इलेक्ट्रिकल ठेकेदाराला बिल दाखवा.

तिसरी पायरी: पैसा किती दिवसांनी घरी येतो

माझ्या मते लहान कारखान्याचं खरं आयुष्य इथे ठरतं. नफ्यात असलेली शॉप बंद पडलेली मी पाहिली आहेत. तोट्यातली पण रोखीवर चाललेली मात्र वर्षानुवर्षं तग धरतात.

"साठ दिवसांचं पेमेंट" या शब्दांवर जाऊ नका. एक काम धरा. 1 तारखेला मशीनवर चढलं, 8 ला माल गेला, पार्टीने तपासून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केलं 12 ला. साठ दिवस तिथून सुरू. ते संपल्यावर पार्टीची पेमेंट सायकल येईपर्यंत थांबायचं, कारण पेमेंट महिन्यातून दोनदाच सुटतात. सगळं धरून साधारण 80 दिवस. रोजचा खर्च 6,243 रुपये, 80 दिवसांचे झाले पाच लाख. म्हणजे धंदा सुरळीत चालू असतानासुद्धा तुमचे पाच लाख कायम बाहेर असतात. वर जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचा, पार्टीने पैसे दिले असोत वा नसोत.

त्या तरुणाने साठवलेले सहा लाख सगळेच्या सगळे मशीनच्या मार्जिनमध्ये (कर्जाबाहेरच्या स्वतःच्या वाट्यात) घातले होते. चालवायला हातात शून्य. मशीन आलं त्या दिवशी पेढे वाटले आणि त्याच दिवशी तो पाच लाखांनी मागे होता. नवख्यांसाठी माझा ठोकताळा असा: मशीनला लागतात तितकेच महत्त्वाचे पैसे पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चाला लागतात. ते नसतील तर मशीन लहान घ्या, जुनं घ्या, पण हे पैसे बाजूला ठेवा.

आता कायदा. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांच्या वर नेता येत नाही. लेखी काही ठरलेलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. म्हणजे पीओवर (खरेदी ऑर्डरवर) छापलेले "60 दिवस" कायद्यापुढे टिकत नाहीत. मध्यम उद्योगांना हे संरक्षण नाही, आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही नाही.

पण यासाठी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद) हवी आणि ती ऑर्डर घेण्याच्या आधीची हवी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांवर दावा करायला गेलात तर तो टिकवणं अवघड जातं. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या जोरावर होते, पूर्ण मोफत. दोन-तीन हजार घेऊन "सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि नोंदणी स्वतः करा. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रांतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत लघु, 125 कोटी आणि 500 कोटींपर्यंत मध्यम. नवखा वाचक सूक्ष्ममध्येच बसेल. उद्यम क्रमांक बिलावर छापून घ्या.

खरंच कोणी तक्रार करतं का? सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो, तो राज्याच्या सुलभीकरण परिषदेपुढे जातो. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला त्याला आव्हान द्यायचं असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कायदा दातवाला आहे. पण ज्याच्या कामावर दोन्ही शिफ्ट चालतात त्याच्यावर कोणी केस करत नाही, हेही खरं. मी माझ्या अकरा वर्षांत एकदाच केली, तीही ज्या पार्टीचं काम मी स्वतःहून सोडलं होतं तिच्यावर.

त्यापेक्षा उपयोगी ठरली ती 2023 च्या वित्त कायद्याने आणलेली तरतूद, जिला बाजारात सगळे त्रेचाळीस बी एच म्हणतात. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. त्यामुळे मार्च जवळ आला की पार्टीचा सीए स्वतःच तुमच्या बाजूने बोलायला लागतो. फेब्रुवारीत येणी असलेल्या सगळ्या बिलांची यादी, उद्यम प्रमाणपत्राची प्रत जोडून, पार्टीच्या अकाउंट्सला मेल करा. धमकी नको, आठवण पुरते.

मोठ्या कंपनीचं काम असेल तर ट्रेड्स (बिलं वटवायचे ऑनलाइन मंच) हा मार्ग विचारून घ्या. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज आणि इनव्हॉइसमार्ट ही त्यातली नावं. पार्टीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडं व्याज कापून तुम्हाला काही दिवसांत पैसे मिळतात. पुढे पार्टीने पैसे बुडवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. व्याजाचा दर पार्टीच्या पतीवर ठरतो, तुमच्या नाही, म्हणून तो लहान माणसाला परवडतो. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी केली म्हणजे बिलं टाकतातच असं नाही. परचेसला नाही, फायनान्सला विचारा.

चौथी पायरी: कर्ज कशासाठी, हे आधी ठरवा

मशीन मुदत कर्जावर, रोजचा खर्च कॅश क्रेडिटवर (सीसी, म्हणजे मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे काढायचं कर्जखातं). हे उलटं केलं की फसलात. सीसीमधून मशीनचं डाउन पेमेंट भरलेले तीन जण मला माहीत आहेत. तिघांनाही पुढच्या महिन्याचे पगार व्याजाने काढावे लागले.

तो तरुण बँकेत गेला तेव्हा फक्त मशीनचं कर्ज मागून आला. सीसी मागितलीच नाही. नायक समितीच्या शिफारशीवरून आलेला नियम असा आहे की लहान उद्योगाला अंदाजित वार्षिक उलाढालीच्या 20 टक्के तरी खेळतं भांडवल बँकेने द्यावं. त्याची उलाढाल खर्चाइतकी, म्हणजे साडेबावीस लाख धरली तरी साडेचार लाखांची मर्यादा बसते. वर बघा, त्याचे पाच लाख बाहेर अडकत होते. जवळपास तेवढंच औषध बँकेच्या कपाटात होतं, त्याने चिठ्ठीच दिली नाही.

जॉबवर्कला बँका हात आखडता घेतात हेही सांगायला हवं. गोदामात माल असतो तो पार्टीचा, त्यावर कर्ज कसं द्यायचं? अशा वेळी येणी दाखवायची. 90 दिवसांपेक्षा जुनी येणी बँक सहसा धरत नाही, म्हणून तिसरी पायरी ढिली पडली की सीसीची ड्रॉइंग पॉवरही (प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम) खाली येते. तारण नसेल तर सीजीटीएमएसईची (लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची) हमी मागा. एप्रिल 2025 पासून ती 10 कोटींच्या कर्जापर्यंत मिळते. त्याचं वार्षिक शुल्क तुमच्या माथी येतं, ते हिशोबात धरा. शाखेत "घर तारण ठेवा" असं पहिलं वाक्य ऐकू येईल, तेव्हा हे नाव शांतपणे उच्चारायचं.

पीएमईजीपी या केंद्राच्या अनुदान योजनेत उत्पादनाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं. माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते, अर्ज ऑनलाइन. मात्र युनिट नवीन असावं लागतं आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेतच अडकून राहते. ते पैसे हातात येतील असं धरून धंद्याची आखणी करू नका. अनुदानासाठी धंदा काढणाऱ्यांचं काय होतं ते कुठल्याही तालुक्यात विचारा.

पाचवी पायरी: किती पायांवर उभे आहात

2019 साली वाहन उद्योग बसला तेव्हा भोसरी-चाकणच्या गल्ल्यांमध्ये आधी तिसरी शिफ्ट गेली, मग दुसरी. मग 1 एप्रिल 2020 ची बीएस-सिक्सची (गाड्यांच्या धुराच्या नव्या नियमांची) तारीख समोर होती, पार्ट बदलत होते, आणि त्याच्या आठवडाभर आधी, 25 मार्चला, टाळेबंदी लागली. त्या एप्रिलमध्ये मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही. ज्यांचं सगळं काम एका पार्टीचं होतं त्यांना फोन करायला दुसरा नंबर नव्हता. पंपाचे, व्हॉल्व्हचे, औषध यंत्रांचे पार्ट करणाऱ्यांनाही फटका बसला, पण त्यांचं काम लवकर परत आलं.

सुरुवातीला एकच पार्टी असणं साहजिक आहे. बहुतेक वेळा ती आपल्या जुन्या नोकरीतल्या साहेबाच्या ओळखीने मिळालेली असते. पहिलं वर्ष तसं चालेल. दुसऱ्या वर्षी एका पार्टीचं काम निम्म्याखाली आणायचा प्रयत्न करा, आणि दुसरी पार्टी वेगळ्या धंद्यातली बघा. एकाच गाडीचे पार्ट करणाऱ्या दोन कंपन्या म्हणजे दोन पार्ट्या नव्हेत, ती एकच पार्टी दोन नावांनी.

आपला पार्ट गाडीत कुठे बसतो हेही विचारून ठेवा. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, सायलेन्सर यांची बॅटरीच्या गाडीला गरज नाही. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग तिलाही लागतं. हे उद्या घडणार नाही, पण मशीनचं कर्ज पाच वर्षांचं आहे.

सहावी पायरी: रिजेक्शनचा खरा भाव

माझी गोष्ट सांगतो. एका पार्टीचं कास्टिंगवरचं (ओतीव तुकड्यावरचं) काम, मजुरी नगाला 38 रुपये. ड्रॉइंगची नवी आवृत्ती मेलवर आली होती, एका होलची जागा बदललेली. मी मेल वाचला, "ठीक आहे" असं उत्तर दिलं आणि मशीनवर जुनंच ड्रॉइंग चिकटलेलं राहिलं. 340 नग गेले. मजुरी बुडाली तेरा हजारांच्या आत, त्याचं काही वाटलं नाही. पण पार्टीने कास्टिंगचे नगाला 210 रुपये डेबिट केले: 71,400. ते भरून काढायला जवळपास 1,900 नग फुकट करून द्यावे लागले. चूक माझीच होती.

जॉबवर्कचा हा मूळ धोका आहे. आपण कमावतो मजुरीवर आणि बुडतो मटेरियलवर. म्हणून पहिल्या दिवसापासून तीन सवयी लावा. मशीनवर एकच ड्रॉइंग, त्यावर आवृत्ती आणि तारीख मोठ्या अक्षरात, नवं आलं की जुनं फाडून टाकायचं. प्रत्येक सेटिंगचा पहिला नग सही करून बाजूला ठेवायचा. आणि दर तासाला एक नग मोजायचा, म्हणजे बिघाड झालाच तर दहा नग जातात, 340 नाही. कोटेशनच्या वेळी हेही ठरवून घ्या की किती टक्के रिजेक्शन पार्टी सोसणार आणि कास्टिंगमधल्या दोषाचा नग कोणाच्या नावावर. नाहीतर ब्लोहोल (आतली पोकळी) निघालेलं कास्टिंगही तुमच्याच खात्यात पडतं.

सातवी पायरी: माणसं

थोडक्यात सांगतो, कारण यावर सांगण्यासारखं पुस्तकात काही नाही. ऑपरेटर दोन हजारांसाठी सोडून जातो असं सगळे म्हणतात. मी बघितलंय की पगार 7 तारखेचा 18 ला झाला की जातो. म्हणजे हाही प्रश्न तिसऱ्या पायरीचाच. त्याला सेटिंग शिकवा, जाईल या भीतीने लपवून ठेवू नका. सेटिंग फक्त मालकालाच येत असेल तर मालकाला ताप आला की कारखान्यालाही येतो. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा) आणि वीस झाली की पीएफ लागू होतो. नऊवर किंवा एकोणीसवर अडून बसलेली शॉप दिसतात, त्यांचं वाढणं तिथेच थांबतं.

आठवी पायरी: दुसरं मशीन

पहिलं वर्ष बरं गेलं की डीलर फोन करायला लागतो आणि दुसरी पार्टी "कपॅसिटी किती आहे?" विचारते. इथे बरेच जण घसरतात, कारण जास्तीचं काम आणि कायमचं काम यातला फरक दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत कळत नाही. आधी जास्तीचं काम शेजारच्या शॉपला द्या, स्वतःला थोडंच सुटलं तरी चालेल. सलग सहा महिने बाहेर दिलेलं काम महिन्याला 200 तासांच्या वर राहिलं, आपलं पहिलं मशीन 80 टक्क्यांवर टिकलं, आणि तीन महिन्यांचा खर्च खात्यात पडून आहे, असं असेल तरच कोटेशन मागवा.

त्या तरुणाने हे मानलं नाही असं वाटलं होतं, पण मानलं. रेट 570 झाला, सीसी मिळाली, एका पंपवाल्याचं थोडं काम सुरू झालं. परवा आला तो दुसऱ्या मशीनचं कोटेशन घेऊनच. मी त्याला किमतीच्या खालची बारीक अक्षरं वाचायला लावली: व्हाइस, टूल होल्डर, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, उतरवण्याची क्रेन, सगळं वेगळं. बेरीज करायला तो बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलाय.